फाईल दुरुस्तीनंतरही पुन्हा अडकते? प्रोसेस मॉडेलमधली गाठ शोधून सोडवण्याची पद्धत

वाहनकर्जाची फाईल. कोटेशन आलेलं, जामीनदाराचे कागद पूर्ण, शाखाधिकाऱ्यांची शिफारस झालेली. तरी कर्ज समितीच्या विषयपत्रिकेत ती येत नाही. सिस्टीममध्ये स्थिती 'तपासणी सुरू' दिसते, पण कुणाच्याच कामांच्या यादीत तिचं काम उघडं नाही. आयटी विभाग डेटाबेसमधून फाईल हाताने पुढे ढकलतो आणि ती सुटते. पंधरा दिवसांनी दुसरी अडकते. मग मॉडेलमध्ये दुरुस्ती होते, महिनाभर सगळं शांत असतं, आणि त्यानंतर वेगळ्याच प्रकारच्या कर्जाची फाईल वेगळ्याच ठिकाणी थांबते.

हा अनुभव एका नागरी सहकारी बँकेतला आहे. तिथलं कर्जमंजुरीचं बीपीएमएन मॉडेल दोन वर्षं माझ्याकडे होतं. बीपीएमएन म्हणजे कामाच्या पायऱ्या चौकोनांनी, वाटा फुटण्या-जुळण्याच्या जागा डायमंडने आणि क्रम बाणांनी दाखवणारी आकृती. पण हीच तक्रार मी खरेदीच्या आणि विमा दाव्यांच्या मॉडेलमध्येही बघितली आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. ही आकृती प्रत्यक्ष चालवणारं तुमचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, कॅमुंडा असो, फ्लोएबल असो किंवा कंपनीत घरीच बनवलेलं, मूळ दुखणं बहुतेक वेळा एकच निघतं. वाट जिथे फुटते आणि जिथे परत जुळते, त्या दोन जागांची जोडी जमलेली नसते. मॉडेलमधला गुंता चौकोनांच्या संख्येपेक्षा या बेजोड जागांमुळे वाढतो, आणि त्या तशाच ठेवून केलेली प्रत्येक दुरुस्ती पुढच्या बिघाडाची तयारी करून ठेवते.

एका दुरुस्तीतून दुसरी कशी निघाली

सुरुवातीचं मॉडेल लहान होतं. घर तारण ठेवून द्यायच्या कर्जासाठी त्यात दोन अहवाल धरले होते, वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीहक्काचा तपास, आणि व्हॅल्युअरचा मूल्यांकन अहवाल. दोन्ही कामं एकाच वेळी सुरू व्हावीत म्हणून अँड गेटवे, म्हणजे अधिकचिन्हाचा डायमंड, टाकला होता. या दोन वाटा पुढे एकत्र आणताना मात्र फुलीचा, एक्सऑर डायमंड वापरला गेला. फुलीचा डायमंड कुणासाठी थांबत नाही, जो येईल त्याला पुढे सोडतो. सर्च रिपोर्ट आला की फाईल समितीकडे, मूल्यांकन आलं की तीच फाईल पुन्हा समितीकडे. विषयपत्रिकेत एकच कर्जदार दोनदा छापला गेला तेव्हा हे लक्षात आलं.

मग जोडाच्या जागीही अधिकचिन्ह आलं. ही दुरुस्ती बरोबर होती. पण त्याच तिमाहीत वाहनकर्ज याच मॉडेलमध्ये घालायचं ठरलं. वाहनाला या दोन्हींपैकी सर्च रिपोर्ट लागत नाही, फक्त किमतीची पडताळणी लागते. ज्याच्याकडे हा बदल होता त्याने वरच्या 'कर्जाचा प्रकार?' या डायमंडमधून एक बाण थेट मूल्यांकनाच्या चौकोनात नेला. दिसायला अगदी सरळ काम. प्रत्यक्षात वाहनकर्जाची फाईल अधिकचिन्हाच्या फुटीतून गेलीच नाही, आणि अधिकचिन्हाच्या जोडावर मात्र जाऊन पोचली. तो जोड दोन्ही वाटांवरून कुणीतरी येईपर्यंत थांबतो. दुसऱ्या वाटेवर कुणी निघालेलंच नव्हतं. फाईल तिथेच बसली.

तिसऱ्या दुरुस्तीत दोन्ही ठिकाणी गोलाचा, ऑर डायमंड आला आणि वाहनाचा बाणही त्यातून नेला गेला. जेवढ्या वाटा उघडल्या तेवढ्यांसाठीच थांबायचं, असा त्याचा अर्थ. पण तोपर्यंत मॉडेलमध्ये आणखी एक बाण आला होता. समितीने त्रुटी काढली की फाईल परत जायची, आणि तो परतीचा बाण सर्च रिपोर्टच्या चौकोनात, म्हणजे फूट आणि जोड यांच्या मधोमध शिरत होता. ऑर जोडाला दर वेळी ठरवावं लागतं की अजून कुणी येऊ शकतं का. त्यासाठी त्याला स्वतःच्या मागचं सगळं मॉडेल बघावं लागतं. एखादी वाट पुढून फिरून मागे येत असेल तर हे उत्तर काढणं अवघड होतं, आणि सगळी इंजिनं ते सारखं काढत नाहीत. आमच्याकडे काही फायली सुटायच्या, काही थांबायच्या, आणि कोणती थांबेल ते आधी सांगता येत नव्हतं.

या तिन्ही बदलांमागची माणसं कामात तरबेज होती आणि प्रत्येकाने आपल्यासमोरची तक्रार खरोखर मिटवली होती, हे मुद्दाम सांगतो. अशा चुका नवशिक्यांच्याच असतात असं नाही. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीच्या संदर्भ मॉडेलमधल्या ६०४ ईपीसी (बीपीएमएनसारख्याच प्रवाहाच्या) आकृत्या संशोधकांनी संगणकावर तपासल्या तेव्हा किमान ३४ आकृत्यांमध्ये प्रवाहाच्या तर्कातल्या चुका निघाल्या. त्या आकृत्या जाणकारांनीच काढलेल्या होत्या. डोळ्यांना एका वेळी एकच वाट दिसते, आणि चूक दोन वाटांच्या मध्ये असते.

लक्षणावरून जागा ओळखा

फाईल थांबली आहे आणि कुणाकडेही काम उघडं नाही, तर एखादा अधिकचिन्हाचा किंवा गोलाचा जोड न येणाऱ्याची वाट बघतोय. तेच काम दोनदा तयार होतंय, तर अधिकचिन्हाने फुटलेल्या वाटा फुलीच्या डायमंडवर, किंवा डायमंडशिवाय थेट एखाद्या चौकोनात जुळताहेत. हे दुसरं फार सर्रास दिसतं, कारण चौकोनात दोन बाण घुसवायला कुठलंही टूल हरकत घेत नाही. बीपीएमएनच्या नियमाप्रमाणे आलेलं प्रत्येक टोकन, म्हणजे फाईल आता कुठे आहे ते दाखवणारी खूण, त्या चौकोनाला नव्याने सुरू करतं.

तिसरं लक्षण लवकर लक्षात येत नाही. फाईल बंद झालेली असते, तरी व्हॅल्युअरच्या यादीत तिचं काम उघडंच राहतं. अर्जदाराने अर्ज मागे घेतलेला असतो आणि व्हॅल्युअर जागेवर जाऊन घर मोजून येतो. म्हणजे शेवटच्या गोलापर्यंत एक टोकन पोचलं आणि दुसरं मागेच राहिलं.

टोकनचा हा विचार कार्ल आडाम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधापासून सुरू झालेल्या पेट्री नेट या गणिती आकृत्यांच्या परंपरेतून आला. विल व्हान देर आल्स्ट यांनी नव्वदच्या दशकात त्यावरून वर्कफ्लोसाठी साउंडनेसची, म्हणजे प्रवाह निर्दोष असण्याची, कसोटी मांडली. कुठल्याही स्थितीतून शेवटापर्यंत पोचता आलं पाहिजे, शेवट झाला की मागे काही उरता कामा नये, आणि जिथे कधीच पोचता येत नाही अशी पायरी मॉडेलमध्ये असू नये. वरच्या पहिल्या आणि तिसऱ्या लक्षणात थेट ही कसोटी मोडते. दुसऱ्या लक्षणातही जादा टोकन शेवटी कुठेतरी उरतंच.

कागद आणि नाणी

दुरुस्तीला हात घालण्याआधी मॉडेल ए-थ्री कागदावर छापा आणि खिशातली नाणी काढा. बीपीएमएन डॉट आयओच्या टूलमध्ये टोकन सिम्युलेशन आहे, ते उत्तम चालतं आणि मीही वापरतो. पण ते स्क्रीनवर एकट्याने बघितलं जातं. कागद टेबलावर पसरला की ज्यांना कामाची खरी माहिती आहे त्या व्यक्ती बोलतात.

आम्ही हे कर्ज विभागातल्या एका ज्येष्ठ मॅडमना सोबत घेऊन केलं. नियम चारच. सुरुवातीला एक नाणं ठेवायचं. अधिकचिन्हाच्या फुटीवर एका नाण्याची वाटांइतकी नाणी करायची. फुलीवर एकच वाट निवडायची. अधिकचिन्हाच्या जोडावर सगळ्या बाजूंनी नाणी आल्याशिवाय पुढे जायचं नाही. घरकर्ज नीट पार पडलं. त्रुटीच्या परतीच्या बाणावर नाणं फिरवलं तेव्हा गोंधळ सुरू झाला. वाहनकर्ज घेतल्यावर तर मॅडमनी जुन्या आवृत्तीतल्या त्या जोडावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे नाणं इथेच बसणार हो. गाडीला सर्च रिपोर्ट आणायचा कुठून?" दीड वर्ष आम्ही लॉगमध्ये जे शोधत होतो ते त्यांना पाच मिनिटांत दिसलं.

प्रत्येक कर्जप्रकारासाठी एकदा, प्रत्येक परतीच्या बाणासाठी एकदा आणि 'अर्ज मागे घेतला' यासाठी प्रत्येक पायरीवरून एकदा नाणं चालवा. अर्धा दिवस जातो, पण यात घाई करू नका.

गुंडाळत जा, गाठ उरेल

अडकण्याच्या जागा कळल्या की मॉडेलचा कोणता भाग खरोखर गुंतलेला आहे आणि कोणता फक्त लांबलचक आहे, हे वेगळं करायचं. इथे बहुतेक जण चुकीच्या कामाला लागतात. बाण सरळ करतात, रंग देतात, चौकोन एका ओळीत आणतात. किंवा मॉडेल कागदाच्या कडेवर कापून चार पानांवर वाटतात आणि लिंक इव्हेंटने, म्हणजे 'पुढे त्या पानावर' अशा खुणेने, जोडतात. पानं आटोपशीर दिसतात, पण एकमेकांत अडकलेल्या वाटा आता दोन पानांवर पसरलेल्या असतात आणि चूक आणखी लपते.

त्याऐवजी मॉडेल गुंडाळायला घ्या. एकापाठोपाठ एक, मध्ये फाटा नसलेले चौकोन दिसले की त्यांना पेन्सिलीने एका चौकोनात धरा. एखादी फूट आणि तिचाच जोड, दोन्ही एकाच चिन्हाचे, आणि मध्ये प्रत्येक वाटेवर फार तर एक चौकोन, असं दिसलं की तो सगळा भाग एका चौकोनात धरा. फुलीने सुरू होऊन फुलीवर परतणारा साधा फेरा दिसला की तोही धरा. मग नव्या, लहान आकृतीवर हेच पुन्हा. काहीच गुंडाळता येत नाही तिथे थांबा. व्यवस्थित बांधलेलं मॉडेल शेवटी एका चौकोनात मावतं. आमचं ७१ घटकांचं मॉडेल गुंडाळत गेल्यावर १२ घटक उरले. ते बारा म्हणजेच गाठ. बाकीच्या एकोणसाठ घटकांना हात लावायची गरज नव्हती.

कुठला भाग एकत्र धरता येतो याबद्दल शंका आली तर त्याभोवती पेन्सिलीने वेढा काढा आणि वेढ्याला किती बाण छेदतात ते मोजा. एक आत जाणारा आणि एक बाहेर येणारा, एवढेच असतील तर तो भाग सुटा आहे. तो सबप्रोसेसमध्ये, म्हणजे मॉडेलच्या आतल्या छोट्या मॉडेलमध्ये, ठेवता येतो, वेगळा तपासता येतो, उद्या बदलता येतो. तीन किंवा चार बाण छेदत असतील तर तिथे सबप्रोसेस करू नका, आधी वाटा सोडवा. हेच काम यंत्राने करण्यासाठी वानहाटालो, फोल्त्सर आणि कोलर यांनी २००८ मध्ये रिफाइन्ड प्रोसेस स्ट्रक्चर ट्री नावाची पद्धत मांडली. शेकडो मॉडेल असतील तर तशा टूलची मदत घ्या. एका मॉडेलला पेन्सिल पुरते.

गाठ सोडवताना

आमच्या गाठीच्या मध्यभागी अहवालांचा भाग होता. 'कोणते अहवाल लागतात' हा नियम आणि 'ते गोळा करा' हे काम, ही दोन्ही डायमंडच्या जाळ्यात एकत्र विणली गेली होती. ती आधी वेगळी केली.

नियमासाठी डीएमएनचा, म्हणजे निर्णयाचे नियम मांडण्याच्या मानकाचा, निर्णयतक्ता केला. ओएमजी या मानकसंस्थेने ते २०१५ मध्ये आणलं ते नेमकं यासाठीच, की नियम प्रवाहाच्या आकृतीतून बाहेर राहावेत. घरकर्जाच्या ओळींमध्ये सर्च रिपोर्ट, मूल्यांकन आणि उत्पन्नाची पडताळणी. वाहनकर्जाला कोटेशनची पडताळणी आणि उत्पन्नाची पडताळणी. सोनेतारणाला सराफाचा शुद्धतेचा दाखला. तक्त्याचा प्रकार 'कलेक्ट' ठेवला, म्हणजे जेवढ्या ओळी लागू होतील तेवढे अहवाल यादीत येतात. मग 'अहवाल मिळवणे' हा एकच सबप्रोसेस, खाली तीन उभ्या रेघांचा, म्हणजे यादीतल्या प्रत्येक अहवालासाठी समांतर चालणारा. सगळे अहवाल आले की तो संपतो. फूट आणि जोड आता इंजिनच्या पोटात आहेत, त्यामुळे त्यांची जोडी चुकायला जागाच नाही. तक्त्यातून यादी रिकामी आली तर तुमचं इंजिन ती पायरी ओलांडतं की अडतं, हे मात्र एकदा चालवून बघा.

तक्ता वापरता येत नसेल तर दुसरा मार्ग आहे. अधिकचिन्हाने सगळ्या वाटा, समजा तीन, नेहमीच उघडायच्या, आणि प्रत्येक वाटेवर स्वतंत्र फुलीचा डायमंड: हा अहवाल लागतो का? लागत असेल तर काम, नसेल तर वळसा, आणि त्याच वाटेवर फुलीनेच जोड. मग शेवटी अधिकचिन्ह. तीन नाणी निघतात, तीन पोचतात, कर्ज कुठलंही असो.

इथे मोजमापाबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. जॉर्ज कार्डोसो यांनी सुचवलेलं नियंत्रण-प्रवाहाचं माप अनेक टूल देतात. फुलीच्या फुटीला जितक्या वाटा तितके गुण, अधिकचिन्हाच्या फुटीला एक, आणि ऑरच्या फुटीला दोनचा वाटांइतका घात वजा एक. तीन वाटांच्या ऑरला सात गुण. वर सांगितलेल्या मांडणीत अधिकचिन्हाचा एक आणि तीन फुल्यांचे प्रत्येकी दोन, म्हणजे पुन्हा सातच. आकडा हलला नाही, तरी मॉडेल वाचणाऱ्याला एका वेळी एकाच वाटेचा विचार करावा लागतो, आणि जोड कुणासाठी थांबणार हे तिथेच बघून कळतं. वाटा पाच झाल्या की फरक आकड्यातही दिसतो, ऑरला ३१ आणि या मांडणीला ११. तेव्हा व्यवस्थापनाला फक्त हा आकडा दाखवून सुधारणा सिद्ध करायला जाऊ नका. किती घटक गुंडाळल्यावरही उरतात, हा आकडा माझ्या मते जास्त खरं बोलतो.

त्रुटीचा परतीचा बाण मधोमध शिरत होता, तो काढून तक्त्याच्या आधी नेला. त्रुटी फक्त सर्च रिपोर्टमध्ये असेल तर दुसऱ्या फेरीत यादीत तेवढा एकच अहवाल येतो. मूल्यांकन दुसऱ्यांदा मागवलं जात नाही. परतीचा कुठलाही बाण फूट आणि जोड यांच्या मध्ये उतरणार नाही, एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्म्या तक्रारी थांबतात.

'अर्ज मागे घेतला' यासाठी नऊ चौकोनांमागे नऊ डायमंड होते आणि प्रत्येकातून एक लांब बाण 'अर्ज बंद' कडे जात होता. आकृतीतली निम्मी जाळी त्यांचीच. शिवाय त्यांनी एकच टोकन बाहेर नेलं, बाकीची आत राहिली, म्हणून व्हॅल्युअर त्या घरी गेला. एका जुन्या दुरुस्तीत शेवटी काळ्या भरीव गोलाचा टर्मिनेट इव्हेंट लावला होता. त्याने उरलेली टोकनं मारली खरी, पण त्याच पातळीवर चालू असलेलं प्रक्रिया शुल्क परत करण्याचं कामही मारलं. आता छाननीपासून मंजुरीपर्यंतचा भाग एका सबप्रोसेसमध्ये आहे आणि त्याच्या कडेवर एक संदेशाचा बाउंड्री इव्हेंट आहे, काम तोडणारा. अर्ज मागे घेतल्याचा संदेश आला की आतलं सगळं एकदम बंद होतं आणि शुल्क परताव्याची वाट बाहेरून सुरू होते. नऊ डायमंड आणि नऊ बाण गेले.

गहाणानंतरची मुदतही अशीच होती. मूळ कागदपत्रं ठेवून गहाण केलं की महाराष्ट्रात ३० दिवसांच्या आत नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना, दाखल करावी लागते. मॉडेलमध्ये '३० दिवस झाले का?' असा डायमंड आणि रोज फिरणारा फेरा होता. तिथे टायमर इव्हेंट हवा होता, बाकी काही नाही.

जिथे गाठ सोडू नये

काही गाठी कामाच्या स्वभावातच असतात. आमच्याकडे सर्च रिपोर्ट आला की गहाणखताचा मसुदा सुरू करता येतो, मूल्यांकनासाठी थांबावं लागत नाही. समितीला मात्र सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकन दोन्ही हवेत. म्हणजे एका कामाचा निकाल दोन ठिकाणी जातो आणि त्यातल्या एका ठिकाणी दुसऱ्या कामाचाही निकाल लागतो. अशी रचना नीट जोड्यांमध्ये बसवायची तर मसुद्याला मूल्यांकनासाठी थांबवावं लागतं, म्हणजे कर्जदाराचे दिवस वाया जातात. समांतर कामांच्या अशा रचना मूळ वागणूक न बदलता जोड्यांमध्ये मांडता येत नाहीत, हे सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे प्रयत्न करत बसू नका. तो भाग एका सबप्रोसेसमध्ये बंदिस्त करा, एक आत आणि एक बाहेर एवढं पाळा, शेजारी दोन ओळींची टीप लिहा, आणि नाणी चालवून खात्री करून घ्या.

दोन वाटांच्या शेवटी तीच पायरी लागते, उदाहरणार्थ मंजुरीपत्र काढणं. शाखाधिकाऱ्यांच्या अधिकारातलं कर्ज असो की समितीचं, पत्र एकच. इथे बाण ओढून आणण्यापेक्षा तीच पायरी कॉल ॲक्टिव्हिटी म्हणून, म्हणजे एकदाच मांडून दोन्ही ठिकाणांहून बोलावलेली, अशी दोन्हीकडे ठेवली. वाचायला सोपं जातं आणि बदल एकाच ठिकाणी होतो. छोटं काम असेल तर चौकोन सरळ दोनदा काढला तरी चालतं. मंजुरीच्या निर्णयाचा चौकोन मात्र दोनदा काढू नका. कधीतरी एकच बदलला जातो.

वर्षभरात कुणीच गेलं नाही अशी वाट लॉगमध्ये दिसली की ती काढण्याचा मोह होतो. आधी कर्ज विभागाला विचारा. कर्जदार वारल्यानंतरची वाट वर्षभरात एकदाही वापरली गेली नव्हती, पण ती लागणारच.

नावांबद्दल थोडक्यात. 'लीगल' असा एक चौकोन होता. विचारल्यावर कळलं की त्यात सर्च रिपोर्ट मागवणं आणि गहाणखताचा मसुदा तपासणं ही दोन वेगळ्या वेळची कामं होती. नावात काम आणि ते कशावर करायचं, हे दोन्ही लिहिलं की असे प्रकार आपोआप बाहेर येतात. मेंडलिंग, रायर्स आणि व्हान देर आल्स्ट यांनी २०१० मध्ये मांडलेल्या सात मार्गदर्शक सूत्रांत हे एक आहे. ऑर टाळा आणि ५० पेक्षा जास्त घटक झाले तर मॉडेल विभागा, हीही त्यातलीच.

पुन्हा का गुंततं, आणि ते कसं रोखायचं

साफ केलेलं मॉडेल वर्षभरात पुन्हा गुंततं, कारण प्रत्येक परिपत्रक एक डायमंड होऊन आत येतं. म्हणून बदलाची मागणी आली की चित्र उघडण्याआधी विचारायचं: हा नियम आहे, अपवाद आहे, मुदत आहे, की खरोखर नवं काम आहे? नियम तक्त्यात जातो. अपवाद कडेच्या इव्हेंटवर. मुदत टायमरवर. नवं काम असेल तरच नवा चौकोन काढायचा. गेल्या वर्षभरातल्या मागण्या मी अशा वाटून बघितल्या तेव्हा बहुतेक सगळे नियमच निघाले.

संचालक मंडळाने शाखाधिकाऱ्यांच्या मंजुरीची मर्यादा पाच लाखांवरून तीन लाखांवर आणली, तेव्हा आधीच्या पद्धतीने दोन डायमंड वाढले असते. आता तक्त्यातला एक आकडा बदलला. पण इथे एक चूक आम्ही केलीच. एका ओळीत '३ लाखांपर्यंत' आणि दुसऱ्या ओळीत '३ लाखांपासून पुढे' असं लिहिलं. नेमक्या ३,००,००० च्या अर्जाला दोन्ही ओळी लागू पडल्या. तक्त्याचा प्रकार 'युनिक', म्हणजे एका वेळी एकच ओळ लागू पडू देणारा, ठेवलेला होता म्हणून इंजिनने तिथेच त्रुटी दाखवली. 'फर्स्ट' ठेवला असता तर पहिली ओळ गुपचूप चालून गेली असती आणि कुणाला कळलंही नसतं. म्हणून अधिकाराचे तक्ते नेहमी 'युनिक' ठेवा, आणि सीमेवरच्या रकमेची एक चाचणी प्रत्येक बदलाबरोबर चालवा.

बदल झाला की गुंडाळण्याची कसरत परत करा. सवय झाली की वीस मिनिटं लागतात. आधी जेवढे घटक उरत होते त्यापेक्षा जास्त उरले तर बदल परत पाठवा, तो वरवर कितीही लहान दिसो.

आणि नवी आवृत्ती लावताना चालू फायलींचं काय, हा प्रश्न आधी सोडवा. अर्धवट फायली नव्या मॉडेलवर ओढायला जाऊ नका. जुन्यातली अर्धी नाणी नव्या आकृतीत कुठे ठेवायची याला बहुतेक वेळा सरळ उत्तर नसतं. आम्ही नवी आवृत्ती फक्त नव्या अर्जांसाठी सुरू केली. त्या दिवशी जुन्यावर ४३ फायली उघड्या होत्या. ३९ तिथेच पूर्ण होऊ दिल्या. उरलेल्या चार ऑर जोडावर अडकलेल्या होत्या. त्यांचं टोकन हाताने समितीच्या पायरीवर नेलं, आणि कुणी, कधी, कोणत्या कारणाने नेलं ते प्रत्येक फाईलच्या शेऱ्यात लिहिलं, कारण ऑडिटर आले की फाईलमध्ये पहिल्यांदा तोच शेरा शोधतात.